पुढचा बॉल सोड

“अंबाजी, नंजनगूडच्या टीमला नवा स्टॉपर कोण आलाय, ठाऊक आहे का?”

त्याच्या टीममधल्या वेंकटेशने सायकलवरून उतरायच्या आतच विचारलं, म्हणजे बातमी ताजी होती. अंबाजी दुकानापुढच्या मोठ्या पातेल्यात एक फिकी पडलेली साडी काठीने वरखाली करत होता. कोपरापर्यंत हात निळे झाले होते. लष्कर मोहल्ल्यात त्याच्या वडिलांचं, गुंडुरावांचं, रंगाऱ्याचं दुकान होतं. फुटबॉलचा सीझन नसला की, आणि असला तरी सकाळच्या प्रॅक्टिसनंतर, अंबाजी तिथंच असे.

“कोण?”

“पांडुरंग. बन्नूरचा. गोव्यात आता कोण ठेवून घेईना म्हणे. परत आलाय. रविवारी आपल्यासमोर तोच उभा राहतोय.”

काठी थांबली. वाफ वर येत राहिली.

“हौदा?” अंबाजी म्हणाला. खरंच? एवढंच कन्नडात विचारलं आणि साडी पुन्हा फिरवू लागला.

आतून त्याची बायको कमलाक्षी पिठाचे हात घेऊन दारात आली होती. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिला भीती वाटली. तो चेहरा आनंदाने उजळला होता. लग्नाच्या मांडवातसुद्धा तो इतका आनंदी दिसला नव्हता.

अंबाजी आणि पांडुरंग एके काळी एकाच खोलीत राहिले होते. बंगळूरच्या एका क्लबने दोघांना एकाच वर्षी घेतलं. सेकंड डिव्हिजनचा क्लब, पण पगार देणारा. अंबाजी सेंटर फॉरवर्ड, गोल मारणारा; पांडुरंग स्टॉपर, गोलपुढे अडवणारा. क्लबात मराठी बोलणारे दोघंच. त्यांची ती निम्मी कन्नड मिसळलेली मराठी ऐकून बाकीची पोरं हसायची, म्हणून हे दोघं मुद्दाम मोठ्याने बोलायचे. प्रॅक्टिसमध्ये रोज समोरासमोर. अंबाजी उजवीकडे झुकल्यासारखं करून डावीकडून निघायचा, आणि पांडुरंगला हे माहीत असूनही तो दरवेळी फसायचा. मग रात्रीच्या जेवणाला दोघं एकाच ताटात हात घालायचे. महिन्यातून एकदा पांडुरंगची आई वरलक्ष्मीमावशी बन्नूरहून बसने चिंचेच्या भाताचा डबा घेऊन यायची आणि डब्याचे दोन सारखे भाग स्वतः करून द्यायची. “तुम्हा दोघांचं भांडण नको,” म्हणायची.

दुसऱ्या वर्षी पांडुरंगला दुसऱ्या क्लबने नेलं. तिथं तो बाकावरच बसायचा. त्या सीझनच्या शेवटी दोन्ही क्लबांची मॅच होती, आणि गोव्याच्या एका मोठ्या क्लबचा माणूस अंबाजीला बघायला येणार, हे सगळ्या बंगळूरला ठाऊक होतं. पांडुरंगच्या क्लबचा नेहमीचा स्टॉपर तापाने पडला आणि पांडुरंगला उभं केलं.

अंबाजी सुरुवातीलाच त्याला चुकवून गेला. गोल झाला. थोड्या वेळाने पुन्हा गेला, बॉल खांबाला लागला. पांडुरंगच्या कोचने बाहेरून आरडाओरडा केला, बदली खेळाडूला उठवून अंग गरम करायला लावलं. कॉर्नरसाठी सगळे बॉक्समध्ये जमले तेव्हा पांडुरंग अंबाजीच्या कानाशी आला आणि हळूच, मराठीत म्हणाला, “अंब्या, पुढचा बॉल सोड.”

अंबाजी हसला. त्याला ती थट्टा वाटली होती.

पुढचा बॉल त्याने सोडला नाही. पांडुरंग मागून आला, दोन्ही पाय उचलून. नडगीची दोन्ही हाडं मोडली तो आवाज गॅलरीत ऐकू गेला असं लोक सांगत. रेफ्रीने पिवळं कार्ड दाखवलं. अंबाजीला उचलून नेलं, आणि राहिलेल्या मॅचमध्ये पांडुरंगने एकालाही पुढे जाऊ दिलं नाही. गोव्याचा माणूस रिकाम्या हाताने गेला नाही. त्याने पांडुरंगला नेलं.

दवाखान्यात पांडुरंग आला नाही. त्याची आई आली. खाटेशेजारच्या स्टुलावर पदर डोक्यावरून घेऊन बसली. अंबाजीने भिंतीकडे तोंड केलं. ती संध्याकाळपर्यंत बसली, मग बस चुकेल म्हणून उठली. त्याने तोंड वळवलं नाही.

क्लबने त्याला सोडलं. वर्षभर तो चालायला शिकत होता. मग केरळात भाताच्या कापलेल्या शेतात होणाऱ्या सात-सात जणांच्या स्पर्धा खेळला, कोडगूच्या कॉफीमळ्यांच्या टीमांसाठी खेळला, जिथं बोलावतील तिथं पाहुणा म्हणून गेला. पहिल्यासारखं पळता येत नव्हतं. मग तो गोलकडे पाठ करून खेळायला शिकला. अंगाने आडवायचं, बॉल पायाशी झाकून ठेवायचा, समोरच्याचा तोल जाईपर्यंत थांबायचं. शेवटी म्हैसूरच्या लष्कर रोव्हर्सने त्याला घेतलं. क्लब बंगळूरच्या लीगमध्ये खालच्याच डिव्हिजनमध्ये खेळणारा, पण पगारी. तिथं तो टिकला. त्याच्या वयाचे सगळे खेळणं सोडून दुकानांत, कचेऱ्यांत बसले, आणि हा रोज पहाटे पायाला पट्टी गुंडाळून पळायला जात राहिला.

लोक म्हणत, केवढी ही खेळाची आवड. गुंडुरावही कौतुकाने सांगत. खरं कमलाक्षीला ठाऊक होतं. अंबाजी तोंडाने कधी त्याचं नाव घेत नसे, कारण ते देवाचं नाव. त्याला शिवीसुद्धा जोडता यायची नाही. तो फक्त ‘तो’ म्हणायचा. “तो अजून खेळतोय,” पेपर बघून म्हणायचा. “तो बाकावर बसतोय आता.” “त्याचा गुडघा गेलाय म्हणतात.” गुडघ्याची बातमी आली तेव्हा अंबाजी दोन दिवस जेवला नव्हता. आपल्या हातून व्हायचं काम दुसऱ्याच कुणी करून टाकलं, असं त्याला वाटलं होतं.

शनिवारी दुपारी तो बुटांचे स्टड घट्ट करत बसला होता. कमलाक्षी समोर येऊन बसली.

“काय करणार आहात उद्या?”

“खेळणार.”

“सुम्ने, उगीच काहीतरी सांगू नका मला.”

त्याने बूट खाली ठेवला. “त्याने जे केलं ते.”

“आणि मग?”

“मग काय? मग संपलं.”

“कुणाचं संपलं?” ती म्हणाली. त्याने बूट पुन्हा उचलला. “मी उद्या येणार नाही बघायला,” ती उठली. “जिंकलात तरी सांगू नका मला.”

रविवारच्या मॅचला म्हैसूरच्या मैदानावर कधी नव्हे एवढी गर्दी होती. रोव्हर्स जिंकले तर वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार होते. बरोबरी झाली तरी नंजनगूड जाणार होतं. एवढा सरळ हिशेब होता. चामुंडी टेकडीच्या बाजूने ऊन डोळ्यांवर येत होतं. नंजनगूडहून दोन बस भरून लोक आले होते, आणि त्यांच्यात, लाकडी गॅलरीच्या खालच्या पायरीवर, वरलक्ष्मीमावशी बसली होती. केस पूर्ण पांढरे झाले होते. अंबाजीने तिला ओळखलं आणि नजर काढून घेतली.

पांडुरंग जाड झाला होता. डाव्या गुडघ्यावर काळी पट्टी. हात मिळवताना त्याने अंबाजीकडे पाहिलं.

“बरा आहेस?”

अंबाजीने हात मिळवला आणि आपल्या जागेवर निघून गेला.

संधी लवकर आली. मधल्या भागात एक बॉल दोघांच्या मध्ये पडला. पांडुरंगने उजवा पाय उचलला. सगळा भार डाव्यावर. अंबाजीने हा क्षण इतक्या पहाटांना पाहिला होता की त्याला विचार करावा लागणार नव्हता. बॉलच्या जरा वरून जायचं, बस. रेफ्रीला ती दोघांची झटापट वाटली असती.

तो गेला नाही. दया आली म्हणून नव्हे. त्याच्या लक्षात आलं की पांडुरंग तो पाय वाचवायचा प्रयत्नसुद्धा करत नाहीये. डोळे मिटल्यासारखे करून तो तसाच उभा होता. तो या लाथेची वाटच बघत होता. ती बसली असती तर त्याला स्ट्रेचरवरून नेलं असतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि हिशेब मिटला म्हणून तो सुखाने बन्नूरला झोपला असता.

एवढ्या स्वस्तात नाही, अंबाजीला वाटलं.

त्याने बॉल पायाशी घेतला, उजवीकडे झुकल्यासारखं केलं, आणि तो पांडुरंगच्या दोन पायांमधून काढला. पांडुरंग वळायला गेला, गुडघा वळेना, आणि तो हातावर पडला. गॅलरीत हशा झाला.

अंबाजी पुढे गेला नाही. थांबला. पांडुरंग उठेपर्यंत बॉलवर पाय ठेवून उभा राहिला. मग त्याच्यावर चालून गेला आणि बॉल पुन्हा पायांमधून काढला.

त्यानंतर बॉल मिळाला की तो गोलकडे जातच नव्हता. पांडुरंग कुठं आहे ते बघायचा आणि बॉल तिकडं न्यायचा. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कधी नुसताच समोर उभा राहून, पायाचा तळवा बॉलवर फिरवत, ये, घे, म्हणून. पांडुरंग दरवेळी येत होता. दरवेळी बॉल नसायचा. हाफ टाइमच्या आधी वेंकटेशने लांबून एक गोल मारला आणि रोव्हर्स पुढे गेले, पण लोकांना त्या गोलची मजा उरली नव्हती. त्यांना दुसरं काहीतरी बघायला मिळत होतं.

“अज्जा, साकु! मनेगे होगु!” कुणीतरी ओरडलं. आजोबा, पुरे, घरी जा. मग सगळी गॅलरी ते ओरडायला लागली. टाळ्यांच्या तालावर. नंजनगूडहून आलेली माणसंसुद्धा. अंबाजीने मान वर करून एकदाच पाहिलं. वरलक्ष्मीमावशी त्या ओरडणाऱ्या माणसांच्या मधोमध हात मांडीवर ठेवून बसली होती. ती कुणाकडेही बघत नव्हती, फक्त मुलाकडे. अंबाजीला वाटलं, बघ. मीही असाच पडलो होतो, तेव्हा माझी आई नव्हती बघायला. त्याला फार बरं वाटलं.

नंजनगूडचे कोच अनंतकृष्ण दुसऱ्या हाफमध्ये ओळीपाशी येऊन उभे राहिले. “पांडू, बा!” त्यांनी हाताने बाहेर बोलावलं. बदली खेळाडू तयार होता. हा आता बाहेर गेला तर, असं अंबाजीच्या मनात आलं.

पांडुरंगने कोचकडे पाहिलं आणि मान हलवली. पुन्हा बोलावलं. पुन्हा नाही म्हणाला. कपाळावरचा घाम शर्टाने पुसला आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

“गोल मार की रे!” वेंकटेश किंचाळला. अंबाजी बॉल घेऊन गोलकीपरच्याही पुढे निघून गेला होता, समोर रिकामा गोल होता. त्याने मागे पाहिलं. पांडुरंग लंगडत येत होता. अंबाजी वळला, बॉल घेऊन परत त्याच्याकडे गेला, आणि तिथंच दुसऱ्या कुणीतरी मागून येऊन बॉल काढून घेतला. नंतर आणखी एकदा असंच झालं. त्या वेळी वेंकटेश ओरडलासुद्धा नाही.

गॅलरीतला हशा हळूहळू कमी झाला होता. लोक आता गप्प बसून बघत होते. पांडुरंग पडत होता, उठत होता. गुडघ्याची पट्टी सुटून पोटरीवर आली होती, ती त्याने काढून फेकून दिली. एकदा तो उठला तेव्हा अंबाजीच्या अगदी जवळ उभा होता. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

“आणखी?” पांडुरंगने विचारलं. खिजवून नव्हे. कामावरचा माणूस विचारतो तसं.

“आणखी,” अंबाजी म्हणाला.

मॅच संपायला थोडाच वेळ असताना नंजनगूडच्या एका तरुण पोराने बाजूने पळत येऊन बॉल आत मारला, आणि कुणाच्या तरी डोक्याला लागून तो गोलमध्ये गेला. एक-एक. शिट्टी झाली. नंजनगूडची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारू लागली. पांडुरंग त्यांच्यात गेला नाही. तो जिथं उभा होता तिथंच, गवतावर, आधी एक हात टेकून मग हळूहळू, बसला.

ड्रेसिंग रूममध्ये अंबाजीशी कुणी बोललं नाही. वेंकटेश बूट सोडत होता. तो खाली बघूनच म्हणाला, “दोनदा गोल मोकळा होता, अंबाजी. मी बघत होतो.”

“ठाऊक आहे.”

“आपण सगळी वरच्या लीगमध्ये गेलो असतो रे. मी या वर्षानंतर खेळणार नाही. माझं तर तेवढंच राहिलं होतं.” त्याने बूट पिशवीत टाकले आणि निघून गेला.

अंबाजीला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याला आणखी हवं होतं. पांडुरंग रडला नव्हता. त्याने मान खाली घातली नव्हती. एवढं सगळं करूनही काहीतरी हाताला लागलं नव्हतं, आणि ते घ्यायला तो स्कूटर घेऊन बसथांब्याकडे गेला.

नंजनगूडची पोरं वाजतगाजत गेली होती. पांडुरंग आणि त्याची आई बन्नूरच्या बसची वाट बघत होते. तो किटबॅगवर बसला होता, डावा पाय सरळ पुढे करून. गुडघा नारळाएवढा सुजला होता.

“ये,” पांडुरंग म्हणाला. “राहिलंय का काही?”

“का मोडलास?” अंबाजीने विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याने मनात शंभर तऱ्हांनी विचारला होता. आता तो असा पोरासारखा बाहेर आला.

“सांगितलं होतं की तुला. बॉल सोड म्हणून.”

“मी का सोडायचा?”

“होय. तू का सोडायचा.” पांडुरंगने पाय चोळला. “तू अजून एकदा गेला असतास तर त्यांनी मला बाहेर काढलं असतं. आणि मी दुसऱ्या दिवशी बन्नूरला उसात. तेवढंच दिसलं मला तेव्हा. दुसरं काय दिसलं नाही बघ.”

“माफी माग.”

“आता?” पांडुरंगने वर पाहिलं. “आता मागून काय करू, अंब्या? तू घेतलंस की आज. सगळं घेतलंस. मी दिलं.”

अंबाजीला त्याच्या तोंडावर मारावंसं वाटलं. हात वर आलाही. पण तेवढ्यात वरलक्ष्मीमावशी जवळ आली. तिने अंबाजीकडे पाहिलं, मग खाली, त्याच्या उजव्या पायाकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुझा पाय आता दुखत नाही ना रे, अंबाजी?” तिने विचारलं.

अंबाजीने वर आलेला हात खाली घेतला.

“नाही, मावशी.”

“थंडीत?”

“थंडीत थोडा.”

“तिळाचं तेल लाव. गरम करून.” ती म्हणाली, आणि बस आली.

“बेगा, बेगा!” कंडक्टर लवकर चढा म्हणून घाई करत होता. पांडुरंगला बसच्या पायरीवर पाय उचलता येईना. त्याने दोन्ही हातांनी दांडी धरली, पाठमोरा वळला, आधी पायरीवर बसला आणि मग मागे मागे सरकत आत गेला. अंबाजी हे बघायलाच आला होता. त्याने शेवटपर्यंत पाहिलं. किटबॅग खालीच राहिली होती. ती त्याने उचलली आणि आत दिली. ती कुणी घेतली ते त्याला दिसलं नाही.

घरी आला तेव्हा कमलाक्षी भाजी निवडत होती. तिने त्याच्या हातापायांकडे पाहिलं, कपड्यांवर रक्त आहे का पाहिलं.

“काय झालं?” न राहवून तिने विचारलं.

“ड्रॉ.”

“आणि तो?”

अंबाजीने दारातच बसून मोजे काढले.

“शिट्टी होईपर्यंत उभा होता,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो सवयीने उठला. पायाला पट्टी गुंडाळली, बूट चढवले, दार उघडून पायरीवर आला आणि नाड्या बांधायला बसला. नाड्या बांधून झाल्या. रस्ता रिकामा होता. दूधवाला गेला, समोरच्या वर्कशॉपचं शटर अर्धं वर झालं.

थोड्या वेळाने कमलाक्षी बादली आणि रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आली. नवरा कधीच पळायला गेला असेल असं तिला वाटलं होतं. तो पायरीवर बसलेला बघून ती थबकली. काही विचारावं की नाही, तिला कळेना.

“पाय वर घ्या,” ती म्हणाली.

त्याने बूट घातलेले दोन्ही पाय उचलून धरले. तिने त्यांच्याखाली पाणी शिंपडलं, झाडून घेतलं, आणि वाकून ठिपके काढायला लागली. तिची रांगोळी पुरी होईपर्यंत तो तसाच, पाय अधांतरी धरून, बसून राहिला.